रोगाची परिभाषा रोग्यालाही हवी

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या हाती एक लहानशी डबी देण्यात येते आणि 'थुंकी आणून द्या' असे सांगण्यात येते. माणूस आज्ञाधारक असतो, तो थुंकतो. डबीत जमते ती तोंडातील लाळ. प्रयोगशाळेला हवा असतो तो बेडका, म्हणजे खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला कफ. लाळेत क्षयाचे जंतू सापडण्याचा संभव फारच थोडा. साहजिकच अहवाल 'निगेटिव्ह' येतो, घरात हायसे वाटते, आणि रोग आपल्या गतीने पुढे जात राहतो. यात तंत्रज्ञाची चूक नाही, रोग्याचीही नाही. चूक एका शब्दाची आहे. 'थुंकी' हा शब्द फलकांवर छापला गेला, कारण 'बेडका' हा शब्द कोणा सुसंस्कृत अधिकाऱ्याला किळसवाणा वाटला असावा. खेड्यातील कोणत्याही म्हातारीला मात्र या दोहोंतील फरक अचूक ठाऊक असतो.

'निगेटिव्ह' या शब्दाचीही अशीच कथा आहे. त्याचा अर्थ 'रोग नाही' असा सर्रास घेतला जातो. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की, दिलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने, जंतू आढळले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसावयाचे तर बेडक्याच्या दर मिलिलिटरमागे सुमारे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर ते असूनही दिसत नाहीत. जनुकीय चाचण्या आता आल्या आहेत आणि त्या पुष्कळ अधिक सूक्ष्म आहेत. परंतु डबीत लाळच असेल तर त्या चाचण्याही काय करणार? 'आढळले नाही' आणि 'नाही' या दोन विधानांतील अंतर न्यायालयातील कारकुनाला कळते, जमाखर्च तपासणाऱ्याला कळते. तेच अंतर छातीच्या बाबतीत मात्र सुशिक्षितही विसरतात.

वैद्यकीय परिभाषा ही डॉक्टरांची खाजगी मालमत्ता असून रोग्याने ती जाणण्याचे कारण नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो सोयीचा असला तरी महाग आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, हा बाजार इतर बाजारांसारखा नाही. येथे विकणाऱ्याला मालाविषयी जे माहीत असते ते विकत घेणाऱ्याला नसते, आणि आपण घेतलेला माल चांगला होता की नाही हे घेतल्यानंतरही बहुधा कळत नाही. ही विषमता पूर्णपणे नाहीशी होणे शक्य नाही, कारण प्रत्येक रोगी डॉक्टर होऊ शकत नाही. पण तिचा जो भाग केवळ दहाबारा शब्दांच्या अज्ञानातून निर्माण होतो, तो तसाच राहू देण्यात कोणाचे हित आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रोग कसा घडत जातो हे सांगणारे शब्द आपल्या भाषेला नवे नाहीत. आयुर्वेदाने रोगाच्या ज्ञानाची पाच साधने मानली: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातील निदान म्हणजे रोगाचे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीच्या खुणा. रूप म्हणजे प्रकट लक्षणे. उपशय म्हणजे कोणत्या आहार-औषधाने उतार पडतो त्यावरून होणारी पारख. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा प्रवास. आजच्या मराठीत 'निदान' म्हणजे कोणता रोग आहे याचा निर्णय. (आणि 'निदान औषध तरी घे' असे आई म्हणते तेव्हा त्याचा तिसराच अर्थ होतो.) शब्दाने अर्थ बदलला याबद्दल तक्रार नाही, भाषा अशाच चालतात. तक्रार ही की, 'संप्राप्ती' हा शब्द वापरातून गेला तो आपल्याबरोबर ती कल्पनाही घेऊन गेला. सामान्य माणसाच्या मनात आज दोनच अवस्था उरल्या आहेत: माणूस बरा असतो किंवा आजारी असतो. मधल्या प्रवासाला नाव नाही; म्हणून त्याकडे लक्षही नाही.

हा मधला प्रवास क्षयाइतका स्पष्टपणे दुसऱ्या क्वचितच एखाद्या रोगात दिसतो. क्षय झालेल्या माणसाच्या खोकल्याबरोबर जंतू असलेले अतिसूक्ष्म तुषार हवेत तरंगतात. ते दुसऱ्याच्या फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचले की तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. पुष्कळदा एवढ्यावरच प्रकरण संपते. काही वेळा गिळलेले जंतू मरत नाहीत. मग शरीर त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते, एक बारीक गाठ बनते, आणि जंतू तिच्यात वर्षानुवर्षे कोंडून राहतात. ही अवस्था म्हणजे संसर्ग. हा रोग नव्हे. या माणसाला ताप नसतो, खोकला नसतो, आणि त्याच्यापासून कोणाला बाधाही होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील शंभर भारतीयांत सुमारे ३१ जणांना असा संसर्ग असल्याचे आढळले. यांपैकी ज्यांना पुढे आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष रोग होतो त्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे शेकडा ५ ते १० असते, आणि त्यातही धोका पहिल्या दोन वर्षांत अधिक.

तटबंदी केव्हा ढासळते? उपासमारीने, मधुमेहाने, एचआयव्हीने, दारू व तंबाखूने, वार्धक्याने. तेव्हा गाठीचा मधला भाग मरतो व मऊ पडतो. पाश्चात्त्य ग्रंथकारांना तो चीजसारखा दिसला. मराठी डोळ्यांना तो चक्क्यासारखा दिसला असता. हा भाग द्रवरूप होऊन श्वासनलिकेत फुटला की फुफ्फुसात पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत हवा खेळत असल्याने जंतूंची संख्या कोट्यवधींवर जाते. आता खोकला येतो, बेडक्यात रक्त दिसते, संध्याकाळी अंग कढत होते, वजन उतरते. ही लक्षणे. म्हणजे ज्याला आपण 'आजार सुरू झाला' म्हणतो तो पुष्कळदा त्या प्रवासाचा बराच पुढचा टप्पा असतो. उपरोक्त सर्वेक्षणात सापडलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ४३ जण केवळ छातीच्या एक्सरेमुळे सापडले. लक्षणांवर विसंबले असते तर ते निसटले असते. आणि लक्षणे असलेल्यांपैकी शेकडा ६४ लोक कोठेच उपचारासाठी गेलेले नव्हते. बहुतेकांनी लक्षणे मनावर घेतली नव्हती.

लक्षण म्हणजे रोग नव्हे, हे एकच वाक्य जर घरोघर पोहोचले असते तर कित्येक जीव वाचले असते. क्षयाचा नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा आहे: पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने त्यांपैकी काही. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढू लागते. माणूस म्हणतो, 'बरा झालो.' वस्तुतः त्याची लक्षणे बरी झालेली असतात. वेगाने वाढणारे जंतू मेलेले असतात, पण मंदगतीने जगणारे, जवळजवळ निद्रिस्त असे काही उरलेले असतात, आणि पुढले चार महिने त्यांच्यासाठीच असतात. रोजंदारीवर जाणाऱ्याला अंगात ताकद आल्यावर गोळ्यांसाठी खाडा करणे परवडत नाही, हेही खरेच. सगळा दोष अज्ञानावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु 'उतार पडणे' आणि 'बरे होणे' हे दोन शब्द मराठीत वेगळे असताना दवाखान्यात मात्र दोहोंसाठी 'फरक पडला का?' हा एकच प्रश्न विचारला जातो, आणि रोगी 'हो' म्हणून घरी जातो.

अर्धवट सोडलेल्या उपचारातून उलटलेला रोग पहिल्यासारखा राहत नाही. जंतूंच्या अफाट संख्येत एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे जंतू निसर्गतःच असतात. म्हणूनच तर एका वेळी अनेक औषधे द्यावी लागतात. औषधे तुटक घेतली की नेमके तेच जंतू तगतात. याला प्रतिरोध म्हणतात. 'औषध अंगाला लागत नाही' हे लोकांचे त्याविषयीचे वर्णन फसवे आहे, कारण प्रतिरोध माणसाच्या अंगात नसून जंतूंत असतो. असा प्रतिरोधी जंतू ज्याने आयुष्यात कधी औषधाची गोळी घेतली नाही अशा शेजाऱ्यालाही गाठू शकतो.

शब्द किती जपून वापरावे लागतात याचा एक धडा मुंबईनेच दिला. २०११ च्या अखेरीस तेथील डॉक्टरांनी चार रुग्णांच्या बाबतीत 'पूर्णतः औषधप्रतिरोधी' असा शब्द वापरला. जानेवारी २०१२ मध्ये वृत्तपत्रांतून तो गाजला. केंद्र सरकारने या शब्दाला हरकत घेतली, आणि मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशी व्याख्या करता येत नाही असे म्हटले, कारण सर्वच औषधांच्या प्रतिरोधाची खात्रीलायक चाचणी उपलब्ध नव्हती. सरकारची हरकत कितपत शास्त्रीय होती व कितपत अब्रूची होती, हा भाग वेगळा. रुग्ण तर खरेच होते. पण 'पूर्णतः' हा शब्द वाचून ज्याने आशा सोडली असेल त्याचे काय? त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेडाक्विलीन या नव्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पुढे ते भारतातही आले.

आता 'कारण' या शब्दाकडे वळू. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. रोग घराण्यातून येतो, ही समजूत त्या दिवशी शास्त्रापुरती संपली. आपल्याकडे ती अजून संपलेली नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या तिघांना क्षय झाला तर 'त्यांच्या घराण्यातच आहे' असे म्हटले जाते व मुलींची लग्ने अडतात. म्हणून घरचे लोक डॉक्टरांनाच विनवतात, 'नाव घेऊ नका, छातीवर डाग आहे एवढेच सांगा.' डाग काय, पॅच काय, सूज काय! रोगाला नाव न दिल्याने रोग टळत नाही. टळतो तो उपचार.

परंतु जंतू सापडला म्हणजे कारण सापडले, हेही अर्धेच सत्य आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जंतू सापडून तेव्हा जवळजवळ पाच वर्षे झाली होती, पण स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले. उलट, इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू हे औषध येण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात घटले होते. थॉमस मॅक्यून यांनी त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिले. इतिहासकारांनी त्यावर वाद घातला व सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांचे माप त्यात टाकले. वाद काहीही असो, जंतू हे आवश्यक कारण आहे, पुरेसे नव्हे, एवढे निश्चित. जंतू नसेल तर क्षय होत नाही. जंतू असला म्हणजे होतोच असे नाही. मराठी माणूस 'कारण' आणि 'निमित्त' यांत भेद करतो, 'पावसात भिजण्याचे निमित्त झाले' असे म्हणतो. दुर्दैवाने तो निमित्ताची चर्चा फार करतो. कारणांच्या त्या साखळीतील सर्वांत स्वस्त दुवा मात्र त्याच्या चर्चेत येतच नाही. तो दुवा म्हणजे पोट.

झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात घरातील इतर माणसांना पूरक धान्य-डाळ देण्यात आली. ज्या घरांत ती दिली नव्हती त्यांच्या तुलनेत या घरांत क्षयाचे नवे रुग्ण शेकडा ३९ ने कमी निघाले. औषध नव्हे, लस नव्हे; तांदूळ आणि डाळ! सरकारने रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ज्याच्या मते जंतू हेच एकमेव कारण आहे त्याला हे अनुदान दानधर्म वाटेल. ज्याला संप्राप्ती कळली त्याला तो उपचाराचाच भाग वाटेल. अंदाजपत्रकात ही रक्कम टिकते की कापली जाते, हे असे त्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असते.

वृत्तपत्रांत 'क्षयरुग्ण वाढले' असा मथळा येतो तेव्हाही तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कचेरीतील कारकुनाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. रोज आवक होणारे कागद वेगळे, टेबलावर साचलेली प्रकरणे वेगळी, आणि बारनिशीत प्रत्यक्ष नोंदलेली त्याहून वेगळी. वर्षभरात नव्याने रोगी होणारे ही आवक. एखाद्या दिवशी एकंदर रोगी किती ही साचलेली प्रकरणे. आणि सरकारदरबारी कळवलेले रुग्ण ही बारनिशी. २०१३ साली बारनिशीत सुमारे १४ लाख रुग्ण होते, २०२३ साली सुमारे २५.५ लाख. रोग वाढला काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होत होते, २०२३ साली १९५. म्हणजे आवक घटली आणि नोंद वाढली. २०१२ साली क्षयाची नोंद सक्तीची झाली व खाजगी डॉक्टरांचे रुग्ण मोजणीत येऊ लागले, त्याचा हा परिणाम. बातमी वाईट नव्हती, चांगली होती.

साचलेल्या प्रकरणांचा हिशेब अधिक बोलका आहे. आवक दिवसाला दहा कागदांची आणि टेबलावर साचलेले तीस, तर एक कागद सरासरी तीन दिवस पडून राहतो. सर्वेक्षणात लाखामागे एकूण ३१२ रुग्ण आढळले. वर्षाची आवक ढोबळ मानाने दोनशे. भागाकार केला तर एक रुग्ण सरासरी दीड वर्ष रोगी राहतो असे निघते. हे स्थूल गणित आहे, पण सहा महिन्यांत बरा होणारा रोग दीड वर्ष रेंगाळतो, हे त्यातून दिसल्याशिवाय राहत नाही. आणि उपचाराविना असलेला एक रुग्ण वर्षाला दहापंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. मधुमेहाचे गणित याच्या उलट चालते: उपचाराने माणसे अधिक जगू लागली की साचलेली संख्या वाढते, आणि ती वाढ यशाची असते. संख्या एकच, अर्थ रोगागणिक फिरतो.

इतर काही शब्दांचा उल्लेख ओझरता पुरे. 'ॲक्यूट' याचे भाषांतर 'तीव्र' असे केल्याने ते भयंकर वाटते. वैद्यकात त्याचा अर्थ अचानक उद्भवलेला व थोड्या काळाचा एवढाच आहे. पडसेही ॲक्यूट असते. उलट 'क्रॉनिक', म्हणजे जुनाट, हा शब्द ऐकून माणसे निश्चिंत होतात आणि मुळात जुनाटच अधिक माणसे मारतात व घरे बुडवतात. 'संसर्गजन्य' म्हटले की ताट-वाटी वेगळी काढली जाते. क्षय ताटावाटे पसरत नाही. हाडांचा वा गाठींचा क्षय सामान्यतः दुसऱ्याला लागतच नाही. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या तुलनात्मक अभ्यासाने, घरी राहून औषध घेणारे आरोग्यधामात ठेवलेल्यांइतकेच बरे होतात व घरच्यांना त्यामुळे जास्त धोका संभवत नाही, हे १९५९ सालीच दाखवले. ताट मात्र अजून वेगळे आहे.

यावर डॉक्टरांचा आक्षेप असा की, अर्धवट ज्ञान घातक असते. चार शब्द शिकलेला रोगी डॉक्टरांशी हुज्जत घालतो. घालतो, यात शंका नाही. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेदीडशे माणसे पाहणाऱ्या डॉक्टरला हुज्जतीस वेळ कोठून असणार, हेही मान्य करावयास हवे. पण जो रोगी हुज्जत घालत नाही तो मुकाट्याने गोळ्या थांबवतो, आणि ते डॉक्टरच्या कानी पोहोचत नाही. दुसरा आक्षेप भाषेचा. भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, पण त्यांतील पुष्कळ शब्द मूळ इंग्रजीइतकेच अनोळखी आहेत असे म्हटले जाते. हा आक्षेप निम्मा खरा आहे. म्हणून शब्द निवडताना सोवळे पाळू नये. टीबी, एक्सरे, रिपोर्ट हे शब्द रुजले आहेत, ते राहावेत; बेडका, उतार, उलटणे, जुनाट हे शब्द घरात आहेत, त्यांना दवाखान्यात आणावे; आणि जेथे दोन्ही नाहीत तेथेच संस्कृताकडे जावे.

हे काम कोणत्याही समितीविना होण्यासारखे आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर 'निगेटिव्ह' या शब्दाखाली 'या नमुन्यात जंतू आढळले नाहीत. खोकला चालूच राहिल्यास पुन्हा यावे' अशी एक ओळ मराठीत छापता येईल. उपचारपत्रिकेवर दुसऱ्या महिन्याच्या रकान्यापुढे 'उतार पडला आहे, रोग गेलेला नाही' असे लिहिता येईल. शाळेत नववी-दहावीचे शिक्षक जंतूंची नावे पाठ करून घेतात त्याऐवजी संसर्ग आणि रोग यांतील फरकावर एक तास घालवू शकतील. कला व वाणिज्य शाखांचे विद्यार्थी सरासरी आणि टक्केवारी शिकतात. त्यांना आवक आणि साचलेली प्रकरणे यांचे उदाहरण मागणी-पुरवठ्याच्या जोडीने रोगांचेही देता येईल. आणि त्या लहानशा डबीच्या झाकणावर 'सकाळी उठल्यावर चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला बेडका' एवढे शब्द सहज मावतात.